लाइट गेली तरी वायर जिवंत: घरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवताना, वापरताना

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींच्या बेडरूममधला होल्डर सैल झाला होता. गुरुजी शिस्तीचे. मीटरजवळ जाऊन त्यांनी मेन स्विच पाडला आणि आतल्या बायकोला विचारलं, "लाइट गेली का गं?" फ्रिज बंद पडलेला पाहून तिने "गेली" म्हणून सांगितलं. गुरुजी स्टुलावर चढले, होल्डर उघडला आणि पुढच्या क्षणी खाली आले. मनगट मोडलं, पण जीव वाचला.

फ्रिज इन्व्हर्टरवर नव्हता, बेडरूम होती. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानेइतबारे बॅटरीतून २३० व्होल्ट पुढे पाठवतो. यात यंत्राची चूक काहीच नव्हती. घरात इन्व्हर्टर आला की वीज दोन ठिकाणांहून येते, एक खांबावरून आणि दुसरी कोपऱ्यातल्या ट्रॉलीवरून. हे डोक्यात पक्कं ठेवूनच पुढचं सगळं वाचा.

आधी वही-पेन, मग दुकान

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती व्हीए देऊ?", म्हणजे किती ताकदीचं मशीन हवं. त्याआधी तुमच्या घरात लाइट नसताना नक्की काय चालायला हवं ते लिहून काढा. छताचा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २८ ते ३५. एलईडी ट्यूब २०, बल्ब ९, राउटर १०, बत्तीस इंची टीव्ही साधारण ५०.

समजा तीन जुने पंखे, चार ट्यूब आणि राउटर. २२५, ८० आणि १० मिळून ३१५ वॅट झाले. आता १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या साठ्याचं माप) बॅटरी घेतली तर कागदावर १८०० वॅट-तास होतात. मात्र कागदावरचे तास घरात मिळत नाहीत. घरगुती बॅटरीवरचा एएचचा आकडा बहुधा 'सी-२०'चा असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने सावकाश उतरवली तर वीस तास. आपला ३१५ वॅटचा लोड बॅटरीतून तीसच्या वर अँपिअर ओढतो, आणि जोरात ओढलं की बॅटरी कमी देते. त्यात इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, शिवाय बॅटरी तळापर्यंत उतरवायची नसते. माझा हिशेब सरळ आहे. १८०० ला आधी ०.८ ने आणि मग ०.७५ ने गुणायचं, म्हणजे १०८० उरतात. भागिले ३१५, साधारण साडेतीन तास. तेही बॅटरी नवी असेपर्यंत.

याच वहीत तीन पंखे बीएलडीसी करून बघा. लोड १९० वर येतो आणि तीच बॅटरी साडेपाच तासांच्या पुढे जाते. म्हणून "मोठी बॅटरी हवी" म्हणत येणाऱ्याला मी आधी पंखे बदलायला सांगतो. दुकानदाराला हे आवडत नाही.

इन्व्हर्टरवरचे व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. ९०० व्हीएचं मशीन साधारण ७०० वॅटचं धरा, खरा आकडा मागच्या लेबलवर असतो. कायमचा लोड त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत ठेवा. गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह, एसी, पाण्याचा पंप यांना या लाइनवर जागाच नाही. फ्रिज चालू होताना काही पट जास्त खेचतो, तेव्हा फ्रिज हवाच असेल तर मशीन आणि बॅटरी दोन्ही त्या हिशेबाने घ्या. आणि घ्याल ते साइन वेव्ह घ्या, म्हणजे खांबावरच्या विजेसारखी वीज देणारं. स्क्वेअर वेव्हवर पंखे घूं-घूं करतात आणि तापतात.

जागा

बहुतेक घरांत बॅटरी 'जिथे बसली तिथे' असते: जिन्याखालचं बंद कपाट, पलंगाखाली, नाहीतर देवघराशेजारचा कोनाडा. यातला शेवटचा प्रकार मला सगळ्यात जास्त भीतीचा वाटतो.

पाणी टाकायची बॅटरी चार्ज होताना, विशेषतः भरत आल्यावर, हायड्रोजन सोडते. हा वायू हवेपेक्षा खूप हलका, त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. मोकळ्या खोलीत तो वर जाऊन विरतो, पण बंद कपाटाच्या छताशी साठून राहतो. आता तिथे शेजारी समई तेवते आहे असं डोळ्यांसमोर आणा. बॅटरीजवळ निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, सिलिंडर यांतलं काहीही नको.

मग कुठे? हवा खेळती हवी, ऊन आणि पाऊस थेट नको, मुलांचा हात पोचू नये. उघडी बाल्कनी बाद. पश्चिमेची भिंत तापत असेल तर तीही टाळा, कारण बॅटरी कायम दहा अंश जास्त तापत राहिली की तिचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. इन्व्हर्टर आणि भिंत यांत वीतभर अंतर सोडा, आणि ट्रॉलीवर वर्तमानपत्रांची रद्दी रचू नका. पडवी चांगली, पण तिथे झडीचं पाणी येतं का ते एका पावसाळ्यात बघून घ्या.

नदीकाठच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा जमिनीलगत ट्रॉलीवर ठेवलेल्या बॅटऱ्यांची गत काय झाली असेल ते सांगायला नको. पुराची रेघ कुठवर आली होती ते गावात कुणालाही विचारा, आणि भक्कम कट्टा बांधून बॅटरी त्याच्या वर ठेवा. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पाण्यासकट पन्नास-साठ किलो भरते, भिंतीवरच्या फळीचं ते काम नाही. एकदा पाण्यात गेलेला इन्व्हर्टर 'वाळवून बघू' म्हणत चालू करू नका.

बॅटरीची जोडणी

"बारा व्होल्टला काय घाबरायचं?" असं मला रोज कुणीतरी म्हणतं. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण भाजतं. माझ्या हत्यारपेटीत एक पाना आहे, त्याच्या तोंडाचा कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा गेलेला आहे. प्लसचा बोल्ट आवळताना त्याचा मागचा दांडा मायनसला टेकला, जेमतेम पापणी लवेपर्यंत. मोठ्या बॅटरीतून थेट शॉर्टमध्ये हजाराच्या पुढे अँपिअर जातात. पोलाद वितळतं तिथे बोटातली अंगठी काय टिकणार? तेव्हापासून माझ्या पान्यांना तोंड सोडून सगळीकडे काळी टेप गुंडाळलेली असते.

काम सुरू करण्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. शेजारी पाण्याची भरलेली बादली आणि खाण्याच्या सोड्याचा डबा. बॅटरी दोघांनी उचलायची, उभीच ठेवायची आणि टर्मिनलला (वायर जोडायच्या खुंटांना) धरून उचलायची नाही.

इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद, त्याची पिन भिंतीतून काढलेली. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. रंगावर विसंबू नका, बॅटरीवर कोरलेली खूण बोटाने चाचपून बघा. उलट जोडलं तर फ्यूज उडतो किंवा आतलं कार्ड जळतं, आणि वॉरंटीवाले हात वर करतात. आधी प्लस घट्ट आवळा, मग मायनस. मायनस टेकवताना टप्पकन छोटी ठिणगी पडू शकते, मशीनमधले कपॅसिटर भरतात म्हणून. ही ठिणगी नुकत्याच चार्जिंगवरून काढलेल्या बॅटरीच्या तोंडाशी पडू नये, म्हणून आधी अर्धा तास खिडकी उघडी ठेवून थांबा. काढताना उलटा क्रम, आधी मायनस.

नटबोल्ट घट्ट हवेत, पण टर्मिनलचं शिसं मऊ असतं, ताकद दाखवायला जाऊ नका. सगळं आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. आधी जेली आणि मग लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवणारे भेटतात, ते उलटं आहे.

मशीनबरोबर आलेली बॅटरीची वायर आखूड असते आणि लोकांना ती वाढवायची असते. वाढवू नका. पूर्ण लोडवर ९०० व्हीएचं १२ व्होल्टचं मशीन बॅटरीतून सत्तर-ऐंशी अँपिअर ओढतं. वायरीत आणि सांध्यांत मिळून एक शतांश ओहम जरी अडथळा आला, तरी ७५ अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेतच जिरतो आणि ५६ वॅटची उष्णता तिथे तयार होते. जुना साठचा पिवळा बल्ब हातात धरल्यासारखं. सैल लग का काळा पडतो आणि इन्व्हर्टर लवकर का ओरडतो, त्याचं उत्तर इथे आहे.

मशीनच्या आत डीसी (बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) फ्यूज आहे का ते माहितीपुस्तिकेत पाहा. नसेल तर प्लस टर्मिनलच्या जवळात जवळ तो बसवून घ्या. तिथे घरातल्या एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) विजेची साधी एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, लावायची नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तशी उसंत नसते, एमसीबी पडली तरी आत ज्योत चालू राहू शकते.

२४ व्होल्टच्या मशीनला दोन बॅटऱ्या लागतात. त्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. एक जुनी आणि एक नवी जुंपली तर जुनी नवीलाही घेऊन बसते.

२३० व्होल्टची बाजू

ही बाजू परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. पण काम चालू असताना तिथे उभे राहा, आणि चार गोष्टींवर नजर ठेवा.

पहिली, इन्व्हर्टरची पिन अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये जाते आहे का. तिसरी पिन कापून टाकलेली दिसली तर काम तिथेच थांबवा.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची. पुष्कळ घरांत इन्व्हर्टरमधून फक्त फेज (वीज आणणारी वायर) नेतात आणि न्यूट्रल (परतीची वायर) जुन्याच पट्टीवर ठेवतात. घरात आरसीसीबी (वीज गळली की लगेच पडणारा स्विच) असेल आणि फेज तिच्यातून जाऊन न्यूट्रल दुसऱ्याच वाटेने परतला तर ती सारखी पडते. मग कुणीतरी वैतागून ती काढून टाकतो. आरसीसीबी काढणं हा उपाय नव्हे. इन्व्हर्टरवरच्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल जोडीने न्यायचे.

तिसरी, मेनवरच्या आरसीसीबीच्या भरवशावर राहू नका. लाइट गेल्यावर वीज तिच्या अलीकडे, इन्व्हर्टरपाशी तयार होते, आणि गळती तिच्यातून जातच नसेल तर तिला ती कळणार कशी? इन्व्हर्टरच्या आउटपुटला एक एमसीबी आणि एक ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी वेगळी घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांचा मेळ तुमच्या मशीनला कसा लागतो ते वायरमनने पुस्तिका उघडूनच ठरवायचं. टेस्टचं बटण दाबल्यावर आरसीसीबी पडली म्हणजे घरचं अर्थिंग ठीक आहे, असा अर्थ मात्र होत नाही. अर्थिंग वेगळं तपासावं लागतं.

चौथी गोष्ट मला ओरडून सांगावीशी वाटते. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरात ठेवू नका. एक टोक इन्व्हर्टरला किंवा छोट्या जनरेटरला आणि दुसरं भिंतीतल्या सॉकेटला लावून अख्खं घर 'जिवंत' करायचा हा जुगाड आहे. मेन पाडायला विसरलात तर तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मर तिला उलट्या दिशेने चढवतो, आणि बंद समजून लाइनवर चढलेल्या लाइनमनच्या हातात ती पोचते. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत खांबच्या खांब आडवे झाले होते, कित्येक गावं आठवडे काळोखात होती. अशा दिवसांतच हे जुगाड निघतात आणि अशाच दिवसांत लाइनमन दिवसरात्र खांबावर असतात. जनरेटर जोडायचाच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवा, तो एका वेळी एकाच ठिकाणची वीज घरात सोडतो.

सगळं झाल्यावर हा कागद डीबीच्या (घरातले सगळे एमसीबी असलेल्या पेटीच्या) झाकणावर आतून चिकटवा. गुरुजींच्या घरी मी तो स्वतः लावला आहे:

१. इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा.
२. मग मेन स्विच पाडा.
३. इन्व्हर्टरची पिन भिंतीतून काढा.
४. ज्या बोर्डावर काम आहे तिथे टेस्टर लावा. तो टेस्टर आधी जिवंत सॉकेटवर पेटतो का ते बघून ठेवलेलं असावं.

फक्त पहिली पायरी पुरत नाही. बहुतेक मशीनमध्ये पुढचं बटण फक्त बॅटरीचा बॅकअप बंद करतं, खांबावरची वीज त्यातून पुढे जातच राहते. फक्त दुसरी केली तर काय होतं ते वर आलंच आहे. मीटरच्या पेटीवरही ठळक लिहा: 'या घरात इन्व्हर्टर आहे'.

रोजचा वापर

पहिल्यांदा जोडल्यावर बॅटरी पूर्ण भरू द्या, दहा-बारा तास लागतात. मागे बहुधा एक छोटा स्विच असतो, 'यूपीएस' आणि 'नॉर्मल'. यूपीएसवर ठेवला तर लाइट गेल्यावर कॉम्प्युटर बंद पडत नाही. मात्र व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की मशीन 'लाइट गेली' समजून बॅटरीवर जातं. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि मग "लाइट असूनही बॅटरी संपते" अशी तक्रार येते. तिथे स्विच नॉर्मलवर करा, बॅटरी विनाकारण उतरायची थांबते.

पाणी महिन्यातून एकदा बघायचं. तरंगणारी खूण लाल पट्ट्यावर उतरली असेल तर भरायचं, तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर आणि मशीन बंद करून. आधीच काठोकाठ भरलंत तर चार्जिंगमध्ये अॅसिड उकळल्यासारखं बाहेर येतं. पाणी डिस्टिल्डच. एसीतून ठिबकलेलं, पावसाचं, आरओचं, उकळून गाळलेलं, यांतलं एकही चालत नाही. अॅसिड तर कधीच वाढवायचं नाही, उडून जातं ते पाणी.

समुद्राजवळ टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी लवकर धरते. मशीन बंद करून, वायरी काढून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. झाकणं घट्ट लावलेली हवीत, सोडा आत गेला तर अॅसिड मारतो.

जिथे लाइट जातच नाही तिथे बॅटरी बसून बसून मरते. महिन्यातून एकदा मेन पाडून ती निम्मी उतरवा आणि किती वेळ चालली ते वहीत मांडा. मल्टीमीटर असेल तर दोन-तीन तास विसावलेली भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या जवळपास दाखवते, निम्मी १२.२ ला येते. सहा झाकणांपैकी एकाच कप्प्यातलं पाणी सारखं उतरत असेल तर तो सेल गेला म्हणून समजा.

कधी हात आखडता घ्यायचा

बॅटरीची कूस फुगली, अंगाला हात लावता येईना इतकी तापली, किंवा खोलीत सडक्या अंड्यासारखा वास आला, तर ती अती चार्ज होते आहे किंवा आतून बिघडली आहे. जवळ जाऊन बटणं दाबत बसू नका. खिडक्या उघडा, लांबच्या डीबीतून इन्व्हर्टरची एमसीबी पाडा, माणसांना खोलीबाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. ती पुन्हा चार्जिंगला लावायची नाही.

अॅसिड डोळ्यात उडालं तर नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि मग दवाखाना गाठा. सोडा फरशीसाठी, डोळ्यासाठी नाही.

लिथियमवाल्यांसाठी थोडक्यात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी, तिला पाणी नको, ती हायड्रोजनही सोडत नाही आणि ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनधास्त उतरवता येते. पण तुमच्या जुन्या मशीनमध्ये लिथियमची सेटिंग नसेल तर तिला तिथे जोडू नका, चार्जिंगचं गणित वेगळं आहे. आत बीएमएस नावाचं राखणदार कार्ड नसलेली, सुटे सेल जोडून केलेली बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घरात आणू नका. ती पेटलीच तर विझवायच्या नादी न लागता बाहेर पडायचं आणि १०१ ला फोन करायचा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर देऊ नका, त्यातलं अॅसिड गटारात आणि शिसं कुणाच्या तरी अंगणातल्या भट्टीत जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करूनच देतो. नवी बसली की तिच्या अंगावर मार्करने तारीख लिहून ठेवा. वॉरंटी कार्ड ऐन वेळी सापडत नाही, आणि दुकानाचा शिक्का मारून घ्यायचा तर निम्म्या लोकांच्या लक्षातच राहत नाही.